गोधडीवर नाव कुणाचं?

घटस्थापना आठ दिवसांवर आली की आमच्या आळंदीत अजूनही घराघरांतून गोधड्या बाहेर निघतात. पूर्वी त्या इंद्रायणीच्या घाटावर जायच्या. बायका पहाटेच निघत, डोक्यावर गाठोडी, कमरेवर पोर, आणि दुपारपर्यंत सगळा काठ रंगीबेरंगी होऊन जाई. आता नदीच्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. वरच्या अंगाला शहरं आहेत, कारखाने आहेत, त्यांचं सांडपाणी आहे. त्या पाण्यात गोधडी बुडवायची कुणाची छाती होत नाही. म्हणून मग गच्चीवर, टाकीच्या पाण्याने, पायांनी तुडवून धुणं चालतं. वाळत मात्र त्या तशाच घालतात, कठड्यावर. गच्चीवरून पाहिलं की चाकणच्या रस्त्यापर्यंत कठड्याकठड्यावर गोधड्या दिसतात. त्यांतल्या निम्म्या अलीकडच्या, मशीनवर शिवलेल्या. "गोधडी शिवून मिळेल" अशा पाट्या आता रस्त्याला जागोजागी आहेत. चाकणला कामाला आलेली मराठवाड्यातली पोरं मात्र घरून आईच्या हातची घेऊन येतात. ती लांबूनही ओळखू येते. मशीनचा टाका सरळ असतो, आईचा नसतो.

तर मंडळी, आज गोधडीबद्दल लिहायचं आहे. म्हणजे गोधडीबद्दल आणि एकूणच बायकांच्या सुईदोऱ्याबद्दल, जो त्यांनी आयुष्यभर चालवला आणि ज्यातलं बरंचसं वाटून टाकलं. निमित्त घडलं ते आमच्या प्रदर्शनाचं.

आम्ही अकरा जणी आहोत. कुणी निवृत्त, कुणी सून आल्यामुळे मोकळ्या झालेल्या, दोघी-तिघी रोज देवळात जाणाऱ्या माळकरी. दुपारी दोन ते चार एकत्र बसून जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवतो. दुपटी वीटभट्टीवरच्या आणि बांधकामावरच्या बायकांच्या तान्ह्या बाळांना देतो, गोधड्या एका वृद्धाश्रमाला. गेल्या उन्हाळ्यात एकीच्या मुलाने सुचवलं, "देण्याआधी दोन दिवस मांडून ठेवा, लोकांना बघू द्या." एका धर्मशाळेची खोली मिळाली. दोऱ्या बांधल्या, तेवीस गोधड्या चिमटे लावून टांगल्या. मला वाटलं होतं, कोण येणार? पण बरेच जण आले. त्यात चाकणच्या एका कारखान्यात काम करणारी एक इंजिनियर मुलगी होती. एका गोधडीसमोर ती दहा मिनिटं उभी राहिली. कोपऱ्यात निळी त्रिकोणी ठिगळं, मधे जुन्या इरकलीचा तुकडा आणि भोवती धावदोऱ्याची वेटोळी. तिने वळून विचारलं, "ही कुणी शिवली?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कुणालाच सांगता येईना. सगळ्या गोधड्या एका ढिगात आलेल्या, कुणाची कुठली ते लिहूनच ठेवलं नव्हतं. ती मुलगी हसली आणि पुढे गेली. माझा मात्र दिवसभर जीव लागेना. इतिहास शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. वर्गात मुलांना सारखी सांगायचे, वस्तू पाहिली की आधी विचारा, ही कुणी केली, कधी केली, कशासाठी केली. आणि इथे करणारी जिवंत, त्याच खोलीत हजर, तरी पहिल्याच प्रश्नाला उत्तर नाही!

संध्याकाळी आवरताना आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी हळूच म्हणाल्या, "बाई, ती निळ्या कोपऱ्याची माझी होती."

"अहो, मग तेव्हा का नाही बोललात?"

"द्यायलाच शिवली ना? मग माझी कशी?"

या उत्तरावर मी अजून विचार करते आहे. आजींचं म्हणणं मला पटतही नाही आणि सोडताही येत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी (आमच्या घरातली पुढची पिढी यात आली!) ती कशी होते ते सांगते. दोन जुनी सुती लुगडी लागतात, एक खाली अस्तराला, एक वर. लुगडं नऊवारी, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर, त्यामुळे दुमडून, जोडून हवा तेवढा पन्हा करता येतो. मधे धोतरं, फाटके सदरे, झबली, जे असेल ते. चिंधी कुठलीच वाया जात नाही. उन्हाळ्यात शेतातली कामं सरली की सारवलेल्या ओसरीवर हे सगळं अंथरायचं. सुरकुती राहता कामा नये, म्हणून कडांना दगड ठेवायचे. मग चौघी चार बाजूंना बसून कडेकडेने धावदोरा घालत मधे सरकत जातात. एक वेढा संपला की त्याच्या आत दुसरा. टाके जितके दाट तितकी गोधडी टिकाऊ आणि जड. आमच्याकडे गोधडी म्हणतात, कोल्हापूरकडे वाकळ. बाळाची छोटी असते ते दुपटं. बाळाला नवं कापड टोचतं, म्हणून दुपट्याला दहा वर्षं धुतलेली साडीच हवी. जुनेरातच ऊब असते असं आई म्हणायची. त्यात भावनेचा भाग नाही, सूत धुऊन धुऊन मऊ पडतं, इतकं साधं ते आहे.

एक गोधडी हाताने शिवायला एकटीला सहज महिना-दीड महिना लागतो. तरी तिला कुणी कधी "काम" म्हटलं नाही. कलाही म्हटलं नाही. ते रिकामपणाचं होतं.

आळंदीत राहून गोधडीवर लिहायचं आणि गाडगेबाबांचं नाव घ्यायचं नाही हे बरं दिसणार नाही. ठिगळाठिगळांचं वस्त्र अंगावर घालून हिंडायचे म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. यात्रेकरूंसाठी त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यातली एक आपल्या आळंदीत आहे. चिंध्या पांघरून हिंडणाऱ्या माणसाच्या शब्दावर लोकांनी एवढ्या इमारतींना पैसे दिले. आणि ते स्वतः त्या इमारतींत राहायला गेले नाहीत. आजींचं "मग माझी कशी?" त्याच गावचं आहे.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या एका बाईंची गोष्ट. त्यांचाही आळंदीशी संबंध आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्याला न्यायमूर्तींची पत्नी आठवते, फार तर "आमच्या आयुष्यातील काही आठवणी" हे पुस्तक आठवतं. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षं जगल्या, आणि खरं काम त्यांनी त्या तेवीस वर्षांत केलं. त्याआधी मुंबईत असतानाही त्यांनी हिंदू लेडीज क्लब काढून बायकांसाठी भाषेचे, शिवणाचे, हातकामाचे वर्ग चालवले होते. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं ते रानड्यांच्याच घरात. गोपाळ कृष्ण देवधरांची त्यांना साथ होती. पुढे तिथे परिचारिकांचं शिक्षण आलं, शिक्षिका तयार होऊ लागल्या. पण सुरुवातीच्या दिवसांत सर्वात सोपी वाट होती ती शिवणाची आणि भरतकामाची.

वाचकहो, इथे माझं एक मत आहे, ते कुणाला आवडो न आवडो. सुधारकांनी बायकांना शिवण शिकवलं म्हणून आजकाल काही विद्वान नाक मुरडतात. म्हणतात, बायकांना पुन्हा सुईलाच बांधलं. मला तसं वाटत नाही. त्या काळी "व्याकरण शिकायला जाते" असं सांगून पुण्यातली सून उंबरठ्याबाहेर पडू शकत नव्हती. "शिवण शिकायला जाते" असं सांगून पडू शकत होती. सासूला त्यात भीती वाटत नसे. सुईच्या आडून पाटी आली, पाटीच्या आडून पगार आला. विधवा बाईला तर चार पैसे स्वतःच्या हाताने मिळवण्याचा तो जवळजवळ एकच अब्रूचा मार्ग होता. त्याआधी पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं आणि १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना केडगावला आणलं, तेव्हा तिथेही विणकाम, शिवणकाम शिकवायला लागलंच. पोटाला घालायचं तर हाताला काम हवं.

काँग्रेसच्या अधिवेशनांना जोडून १९०१ पासून औद्योगिक प्रदर्शनं भरू लागली. त्यांत बायकांच्या भरतकाम-विणकामालाही जागा मिळे. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. पण विचार करा, जी बाई स्वतः परपुरुषासमोर येत नव्हती, तिने भरलेला रुमाल हजारो परक्या माणसांसमोर टांगलेला. बाई पडद्याआड आणि टाका चव्हाट्यावर! त्या रुमालाखाली चिठ्ठी असली तरी "सौ. अमुक" अशी, म्हणजे नवऱ्याच्या नावाची. तिचं स्वतःचं नाव तिथेही नाहीच.

आता आळंदी. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाई सेवासदनातल्या स्वयंसेविकांना घेऊन आळंदीच्या यात्रांना यायच्या. यात्रेला हजारो बायका येत, त्यांना काही मदत लागली तर बघणारी बाई कुणी नसे. रमाबाईंनी ते काम उचललं. शहरातल्या शिकलेल्या बायकांनी गर्दीत उभं राहून खेड्यातल्या बायकांची सेवा करायची, ही रीत आपल्याकडे त्यातूनच रुजली. दर कार्तिकीला दर्शनाच्या रांगेजवळून जाताना मला ते आठवतं. रमाबाई १९२४ साली गेल्या.

त्याच १९२४ सालात आणखी एक गोष्ट झाली, आपल्या बेळगावात. तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष गांधीजी. काँग्रेसच्या सभासदाने चार आण्यांच्या वर्गणीऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं असं तिथे ठरलं. पैशाच्या जागी सूत! ते फार काळ टिकलं नाही, पुढच्याच वर्षी नियम सैल करावा लागला, कारण भाषण करणाऱ्यांना कातायला वेळ नव्हता. (हा शेरा माझा, इतिहासाचा नव्हे.) पण हाताने केलेली वस्तू ही वर्गणी होऊ शकते, ही कल्पना मोठीच. १९३६ साली खानदेशात फैजपूरला अधिवेशन भरलं, ते खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांनी बांबू आणि चटया वापरून तो परिसर सजवला, आणि खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडलं. खेड्यातल्या माणसाने खेड्यातल्या माणसाचं हातकाम बघायला यावं हा त्यामागचा विचार. पुढे गांधीजी गेल्यावर विनोबांनी सूतांजलीची प्रथा घातली. १२ फेब्रुवारीला पवनारच्या मेळ्यात माणशी एक सुताची गुंडी आणून ठेवायची. कुणाची कुठली, विचारायचं नाही. पुन्हा आजींचाच कायदा.

माझ्या लहानपणी या सगळ्याचा शेवटचा झरा आमच्या शाळेपर्यंत पोचला होता. मूलोद्योग म्हणून सूतकताई होती. टकळी आणि पेळू दप्तरात असायचे. माझं सूत दोन वितींवर तुटायचं, आणि गुरुजी म्हणायचे, "तू कातत नाहीस, पेळूला छळतेस." टकळीवर मी नापासच होते म्हणा ना.

विणकामात मात्र नव्हते. १९६२ चा ऑक्टोबर. चीनने हल्ला केला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. रेडिओभोवती मोठी माणसं गप्प बसलेली आठवतात. बायकांनी संरक्षण निधीला सोनं दिलं. आईने एक मणी दिला, तेवढाच देण्यासारखा होता. आणि जवानांसाठी लोकरीचं विणायचं असं सगळीकडे ठरलं. आमच्या शिवणाच्या बाईंनी खाकी लोकरीचे गुंडे आणले. मोठ्या मुलींना स्वेटर, आम्हाला मफलर. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट... मधल्या सुट्टीत, झाडाखाली, घरी कंदिलापाशी. आमच्या भागात कुणी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. मफलर किती लांब असावा हे कुणाला कळेना, म्हणून लोकर संपेपर्यंत विणला. तो दोन जवानांना पुरला असता!

मी काय केलं, मफलरच्या टोकाच्या घडीत एक चिठ्ठी घातली. माझं नाव, इयत्ता, गाव आणि "शूर जवानास नमस्कार". बाईंनी गठ्ठा बांधताना ती काढली. रागावल्या नाहीत. "दान गुप्त असावं," एवढंच म्हणाल्या आणि चिठ्ठी माझ्या हातात परत दिली. गठ्ठा गेला. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. आमचे मफलर तोवर वाटेतच असतील, नंतर कुठल्यातरी चौकीवर पोचले असतील. पहिल्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांनीही सैनिकांसाठी मोजे-मफलर विणले, असं पुढे बी.ए. ला असताना वाचलं, तेव्हा पहिला विचार मनात आला तो चिठ्ठीचा. तिकडच्या मुलींच्या चिठ्ठ्याही कुणी काढून घेतल्या असतील का?

आता जे लिहायचं आहे ते घरातल्या काही जणांना माहीत आहे, काहींना नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं झोपेतच गेली, लातूर आणि उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावं भुईसपाट झाली. मी तेव्हा शाळेत होते, मदत गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. दोन दिवसांत वर्गखोली कपड्यांनी भरली. त्यात काय नव्हतं! जरीच्या साड्या, सुटाचे कोट, एकच पाय असलेले मोजे. पांघरुणं मात्र कमी. पाऊस चालू होता, लोक उघड्यावर होते. ट्रक संध्याकाळी निघणार होता. मी घरी धावत आले, कपाटावरच्या सगळ्या गोधड्या उचलल्या आणि रिक्षात टाकल्या. आई दारात उभी होती. तिने बघितलं. काही बोलली नाही.

त्या गोधड्यांमध्ये एक तिच्या आईची होती. म्हणजे माझ्या आजीच्या लुगड्यांची, आजीने शिवायला घेतलेली. आजी गेली तेव्हा ती अर्धी झाली होती, उरलेली अर्धी आईने पुरी केली. दोघींचे टाके वेगळे दिसायचे. आजीचा टाका तांदळाएवढा, आईचा जरा लांब. शिवाय आईची एक खोड होती, गोधडी संपली की शेवटच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके घालायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही. तिला सहीपुरतं लिहिता यायचं, पण सही करायची वेळ तिच्यावर फारशी कधी आलीच नाही.

मी नेलेलं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पावसात उघड्यावर बसलेल्या माणसाला गोधडी हवी होती, आठवण नव्हे. पण विचारायला हवं होतं. एका शब्दाने. ती नाही म्हणाली नसती. मी विचारलं नाही, कारण मला ती जुनी पांघरुणं वाटली. इतिहासाची बाई, आणि घरातला सगळ्यात जुना दस्तऐवज मी न वाचता ट्रकमध्ये चढवला.

नंतर सहा वर्षं आई होती. त्याबद्दल ती एकदाच बोलली, कधीतरी थंडीत. "कुणाला मिळाली असंल गं?" मी म्हटलं, "मिळाली असेल कुणाला तरी." ती म्हणाली, "लेकुरवाळीला मिळाली असंल तर बरं."

त्यानंतर काही वर्षांनी भाच्याने अमेरिकेतून एक पुस्तक आणलं. अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक गाव आहे, नदीच्या वळणात अडकलेलं. तिथल्या गरीब काळ्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या, विटलेल्या पँटींच्या गोधड्या शिवत. थंडीसाठी, दुसऱ्या कशासाठी नाही. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, पुढे न्यूयॉर्कला गेल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव. फोटो बघताना मला रडू आलं, आणि ते कशामुळे ते भाच्याला सांगता येईना. अर्थात नाव आलं की पैसा येतो, पैसा आला की भांडण. २००७ साली त्यांतल्या काही जणींनी आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून कोर्टात दावे लावले, पुढे तडजोड झाली. तेही बरोबरच आहे. जिचं नाव नाही तिला फसवलं गेलं हेसुद्धा कळत नाही.

आपल्याकडेही कुणी बघितलंच नाही असं नाही. मुंबईच्या गीता खंडेलवाल स्वतः गोधड्या शिवतात. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर त्यांनी मोठं सचित्र पुस्तक केलं, ते २०१३ साली फ्रान्समधून निघालं. इंग्रजीत आहे, महाग आहे. आपल्या आयांच्या गोधड्यांचं पुस्तक फ्रान्समधून यावं याला काय म्हणायचं! असो. पुण्याला डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत आता बचत गटांच्या गोधड्या असतात. मी गेले की भाव विचारते आणि तासांनी भागून बघते. आकडा इथे लिहीत नाही, लाज वाटेल.

आणि वाटण्याचंही काम आता मोठ्या प्रमाणावर होतं. चेन्नईच्या सुभाश्री नटराजन यांनी क्रोशा विणणाऱ्या बायकांना एकत्र आणलं, मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स नावाने. घरोघरी बसून विणलेले चौकोन जोडून जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं. गिनेसमध्ये नोंद झाली. विक्रम झाल्यावर ते मोडून पांघरुणं गरजूंना वाटली. आधी मांडायचं, मग द्यायचं, हे मला फार आवडलं. मुंबईकडे साईशा इंडिया नावाने काही जणी याहून वेगळं काम करतात. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी सुती दोऱ्यात विणलेले कृत्रिम स्तन त्या फुकट पाठवतात. मऊ, हलके, धुता येण्यासारखे. हे विणकाम प्रदर्शनात लागलं तरी पुढे ते कुणाला दिसायचं नाही, वापरणारीलाच माहीत. पण कधीकाळी रुमाल आणि तोरणं करणारा आकडा तिथवर पोचला.

२०२० साली करोनात माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, रस्ते ओस होते, आणि राज्यभर बचत गटातल्या बायका मास्क शिवत होत्या. तेही सुईचंच काम. आमच्या अकरा जणींची ओळखही तिथलीच. प्रत्येकीने आपापल्या घरी शिवायचं आणि पिशवी दाराला अडकवायची. वर्षभर आम्ही एकमेकींना टाक्यावरून ओळखत होतो, चेहरे नंतर पाहिले.

तर त्या निळ्या कोपऱ्याच्या गोधडीनंतर आमच्यात वाद झाला. मी म्हटलं, यापुढे प्रत्येक गोधडीच्या मागच्या बाजूला छोटं ठिगळ लावायचं, त्यावर शिवणारीचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने भरायचं. दोघींना ते एकदम पटलं. एक म्हणाली, "बाई, नाव टाकलं की पुण्य संपतं." दुसरी म्हणाली, "वृद्धाश्रमातल्या माणसाला आमच्या नावाचं ओझं कशाला?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. घेणाऱ्याला रोज रात्री देणाऱ्याचं नाव पांघरायला लावायचं का? प्रश्न खरा आहे. भांड्यांवर, बाकांवर, देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावं आपण पाहतोच.

मी इतकंच म्हटलं, की देणगीदार वेगळा आणि करणारी वेगळी. ज्याने पैसे दिले त्याचं नाव नसलं तरी चालेल. जिने दीड महिना पाठ वाकवली तिचं असावं.

आजी ऐकत होत्या. त्यांना लिहिता येत नाही. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "नावाऐवजी फूल काढलं तर?" म्हटलं, चालेल. मग त्यांनी निळ्या दोऱ्याने चार पाकळ्यांचं फूल भरलं, आणि आता प्रत्येक गोधडीवर भरतात. मी वही घातली आहे. गोधडी नंबर, कुणी शिवली, कुणाच्या साड्या, किती दिवस लागले, कुठे गेली. आजींच्या रकान्यात फूल काढते. पुण्य संपतं म्हणणारीने अजून नाव घातलेलं नाही, तिच्या गोधड्यांपुढे वहीत जागा मोकळी सोडली आहे.

मला मात्र एक सवय लागली आहे, घटस्थापनेच्या दिवसांत रस्त्याने जाताना कठड्यांवरच्या गोधड्यांचे कोपरे बघायची. मराठवाड्यातून आलेल्या कितीतरी पोरांच्या खोल्या इथे आहेत. परवा एका पोराने विचारलंसुद्धा, "आजी, काय शोधताय?" म्हटलं, "काही नाही रे, टाका बघत होते." तो म्हणाला, "माझ्या आईनं शिवलीय," आणि गोधडी उलटी करून दाखवली. लाल टाके नव्हते. पण काम सुरेख होतं. मी त्याच्या आईचं नाव विचारून घेतलं.

पुढचं प्रदर्शन कार्तिकीच्या आधी, त्याच खोलीत. नातेवाईक मंडळींना एक विनंती, जुन्या साड्या पाठवायच्या तर सुतीच पाठवा. मागच्या वेळी आलेल्यांत अर्ध्या सिंथेटिक होत्या, त्या बाळाच्या अंगाला चालत नाहीत. आणि वन्सं, तुमच्याकडे आईच्या हातचं एक दुपटं आहे, तुमच्या थोरल्याच्या वेळचं. ते कुणाला देऊ नका. आधी मला कोपरा बघायचा आहे.